डावीकडे ओढते

४ नोव्हेंबर

आज उंट रस्त्यावर आला. उंट म्हणजे आमची जुनी जीप. तिचे बसके स्प्रिंगचे पाटे काढून मी कमानदार नवे घातले, पॉवर स्टिअरिंग बसवलं आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले. दादाने भोवती फेरी मारली आणि म्हणाला, "छोट्या, जीप करायला सांगितली होती, तू उंट केलास." तेव्हापासून तेच नाव पडलं.

वरच्या वस्तीला रुग्णवाहिका जात नाही. खाणीपर्यंत डांबर आहे, पुढे नुसता डोंगराच्या कुशीतला दगडगोट्यांचा रस्ता. आरोग्य केंद्राने ते काम दादाला दिलं. नर्सबाईंना ठरल्या दिवशी वर न्यायचं, कुणी आजारी असेल त्याला खाली आणायचं. दादा चालवणार, मी सांभाळणार. दादाने अर्धं आयुष्य लांबच्या ट्रकवर काढलं, माझं घरामागच्या गॅरेजात गेलं. बाबा गेल्यानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

नर्सबाई अंगाने जाड आणि तोंडाने तिखट. म्हणाल्या, "एक तर शिडी द्या, नाहीतर मला बारीक करा." चढल्या, आणि पहिल्या वळणाच्या आत झोपल्यासुद्धा.

गाडीत इतके बदल केलेत की नंतर काही आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय. मन होईल तेव्हा बाकीचंही लिहीन.

१३ नोव्हेंबर

दादाची तक्रार: खड्ड्यात चाक पडलं की गाडी आपणहून डावीकडे जाते. गाडीच्या पोटाखाली आडवा झालो तेव्हा लगेच कळलं. गाडी उंच केली, पण स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा तसाच ठेवला, त्यामुळे तो तिरका झालाय. पाटे दबले की दांडा चाकाला ढकलतो. चूक माझीच. दांडा जिथे जोडतो तो खाली वाकवलेला नवा लोखंडी हात गॅरेजातच बनवला आणि दांडा आडवा केला. खड्ड्यांतून चालवून पाहिली, शहाण्या मुलासारखी चालते.

२१ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आता खड्डा नसतानाही गाडी भरकटते म्हणतो. यालाही कारण सापडलं. उंचीमुळे पुढचा आस किंचित फिरला होता, तेवढ्याने चाकं सरळ राहायला कुरकुरतात. पाट्यांखाली पाचरी ठोकल्या. दादा खूश. वहिनींनी संध्याकाळी गोड केलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एकदाचं झालं ना?" मी म्हटलं, झालं.

३ डिसेंबर

झालं कसलं! दादा डावा आरसा मोडून आला. खाणीच्या फाटकाच्या खांबाला घासला. उतरला तो तणतणतच, "ओढते रे डावीकडे! मी काय मुद्दाम जातो खांबाकडे?"

चाक उघडलं. पुढचा डावा ब्रेक पुरता सुटत नव्हता. चोर सापडला. एका चाकाला ब्रेक धरून राहिला की गाडी त्या बाजूला जाणारच. सगळं साफ केलं, रबरं बदलली. उजवीडावीचे टायरही आपसात बदलले, म्हणजे टायरचा दोष असेल तर ओढ बाजू बदलेल.

दादाचं मन जेवणात नव्हतं. ताटाची एक बाजू चाटूनपुसून खाल्ली, दुसरीला हात लावला नाही, आणि उठायला लागला. वहिनींनी ताट अर्धं फिरवलं. मग उरलेलंही जेवला. या वयात इतके लाड! मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

१२ डिसेंबर

टायर बदलूनही ओढ डावीकडेच. म्हणजे टायर नव्हे.

आज मी स्वतः वीटभट्टीमागच्या सरळ रस्त्यावर उंट नेला. दोन्ही हात सोडले. सुतासारखा सरळ गेला. परत फिरवून आणला, तरी सरळ. मग दादाला चालवायला बसवलं आणि मी शेजारी बसलो. थोडं अंतर गेलो नाही तोच माझ्या बाजूची चाकं डांबराखाली उतरली, बाभळीच्या फांद्या माझ्या तोंडावर आल्या. मी ओरडलो. दादाने गाडी आवरली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ! ओढली की नाही?"

खरंच ओढली. पण माझी नजर स्टिअरिंगवर होती आणि त्याला झटका बसलाच नाही. ते अगदी हळू, त्याच्या हाताखाली आपलं आपण वळत गेलं. झटका नाही म्हणजे खालच्या दांड्यांत काही नाही, दोष स्टिअरिंगच्या पेटीच्या आत असणार. गरम झाल्यावर तेल एकीकडे जास्त दाबत असेल. माझ्या हाती का होत नाही, हे मात्र कळत नाही. त्याची पकड जड आहे, माझी हलकी, म्हणून असेल.

इतकी वर्षं लोकांच्या गाड्या सरळ केल्या. घरची एक सरळ होत नाही. हात गेला की काय माझा?

१३ डिसेंबर

पेटी उघडली. आतले दाते झिजले आहेत थोडे, पण इतके नाहीत. बंद केली.

दादाने सकाळी दाढी केली ती एका गालाची. मी म्हटलं, "अरे, दुसरा गाल उद्यासाठी ठेवलास का?" त्याला राग आला. पूर्वी असल्या बोलण्यावर तोच आधी हसायचा. या गाडीने त्याचा स्वभाव बिघडवला.

२६ डिसेंबर

वहिनी आता प्रत्येक खेपेला दादाबरोबर जातात. पुढे त्याच्या शेजारी बसतात. शिवणकाम तसंच पडून आहे, गिऱ्हाइकं दारावर येऊन परत जातात. नर्सबाई आज गॅरेजात डोकावून म्हणाल्या, "तुमच्या वहिनींनी माझी जागा पटकावली. मागच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात हो. आणि झोप तरी लागेल? 'अहो, उजवीकडे घ्या', 'अहो, जरा उजवीकडे', वाटभर तेच भजन."

मलाही पटलं नाही. चालवणाऱ्याला सारखं टोकलं तर चांगला माणूसही बिचकतो. संध्याकाळी वहिनी भांडी घासत होत्या तेव्हा विषय काढला.

म्हटलं, "वहिनी, तुम्ही सोबत जाता ते ठीक, पण त्याला टोकू नका. त्याने हयात गाडी चालवण्यात घालवलीये."

त्या घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? दोष गाडीतच आहे ना?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे ह्यांचे डोळे एकदा दाखवावेत का, असं मनात येतं. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. मी डाव्या हाताला बसून बोलते तर दोन-तीनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाहीत. उजवीकडे जाऊन बसले की ऐकतात."

"रागावलाय तो, म्हणून ऐकत नाही. आणि डोळे? लांबचा मैलाचा दगड माझ्याआधी वाचतो. दोष गाडीतच आहे, वहिनी. दुसरं काय असणार? मी शोधून काढतो."

त्यांनी हात पुसले. "मग बरं," म्हणाल्या. चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. बरं वाटलं मला. निदान कुणाचा तरी माझ्यावर विश्वास आहे.

८ जानेवारी

जुन्या गाड्यांच्या बाजारातून दुसरी पेटी आणली, उघडून धुतली, बसवली. अलाइनमेंट पुन्हा केली, एक एक नट पुन्हा आवळला. आता या गाडीत स्टिअरिंगचा एकही तुकडा असा नाही ज्याला माझा हात लागला नाही.

१७ जानेवारी

पेटी बदलल्यापासून तक्रार नाही! वरच्या वस्तीच्या खेपा झाल्या, एक बाळंतीण खाली आणली, एकदाही ओढली नाही. दादा म्हणाला, "आता बरी चालते." मी त्याच्याकडून वदवून घेतलं, पुन्हा म्हण. म्हणाला, "बरी चालते रे बाबा, आता काय पाटी लावू?" किती दिवसांनी हसला.

म्हणजे पेटीच होती. मला पहिल्यापासून वाटत होतं.

वहिनींना म्हटलं, "आता तुम्ही घरी बसा निवांत. शिवणाचा ढीग उरका. नर्सबाईंनाही त्यांची पुढची जागा मिळू दे."

"नक्की?"

"नक्की. माझ्या जबाबदारीवर."

२१ जानेवारी

उंट दरीत गेला. खाणीच्या पुढच्या वळणावर, डाव्या बाजूने. दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर.

नर्सबाई गेल्या. पुढच्या जागेवर होत्या. झोपल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घालतोय.

दादा वाचला. गळ्याचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "ओढली रे."

काय राहिलं माझ्याकडून? कुठला नट?

२३ जानेवारी

क्रेनने उंट वर काढला. गाडी तपासायला आरटीओचा एक साहेब आला होता. पुढचे दांडे पडण्यात वाकलेत, एक तुटलाय. तो म्हणाला, "उंची वाढवलेली, पेटी दुसऱ्या गाडीची, हात घरी बनवलेला. मला फार शोधायची गरज नाही." मी तुटलेल्या दांड्याची कड पाहिली. सगळा भाग ताजा, चकचकीत होता. जुन्या भेगेत गंज असतो. तो पडतानाच तुटलाय, आधी नव्हे. पण बोललो नाही. खरं सांगायचं तर मला माझ्या डोळ्यांचाच भरवसा राहिला नव्हता. मीच केलंय असं वाटत होतं. अजूनही वाटतं.

२५ जानेवारी

डोक्याला मार म्हणून दादाच्या मेंदूचा फोटो काढला होता. डॉक्टरीणबाईंनी वहिनींना आणि मला आत बोलावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ आहे. अपघातातली नव्हे, बऱ्याच महिन्यांची. आता कापता येण्याजोगी राहिलेली नाही.

मी विचारलं, त्याला दिसत नव्हतं का?

म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत. पण डाव्या अंगाला जे असतं ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. डावा गाल, ताटाची डावी बाजू, रस्त्याची डावी कड. आणि आपल्याला ते दिसत नाही, हेही त्यांना कळत नाही. समजावूनही पटणार नाही. त्यांच्या लेखी ते खरंच बोलताहेत."

बाहेर आल्यावर वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, भाऊजी."

२८ जानेवारी

बसून सगळं पुन्हा वाचलं. मूर्ख माणूस. शेजारी बसून मी चाक बघत होतो, माणूस नाही.

४ फेब्रुवारी

दादाला घरी आणलं. साहेब उद्या माझा जबाब घेणार आहे. आज मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे भाऊ काही दिवसांचे सोबती आहेत. मी लिहितो, बदल केलेल्या गाडीचं स्टिअरिंग निकामी झालं. गॅरेजचा परवाना जाईल, तुमच्यावर खटला होईल, पण जन्मठेप नाही होत त्यात. भावावरचा डाग टळेल."

वहिनींच्या कानावर घातलं. त्यांनी दादाच्या पांघरुणाची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "तसंच सांगा. मरणाऱ्या माणसाने एका बाईचा जीव घेतला असं लोकांनी म्हणू नये. तुम्ही धडधाकट आहात, तुम्ही सोसाल." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. त्या मागतात ते देणं लागतोच मी.

उद्या तसंच सांगेन.

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

सकाळी गॅरेज उघडत होतो, तर बाहेर नर्सबाईंचा नवरा उभा. तो बेकरीत कामाला आहे. पहाटपाळी संपवून थेट आला असावा, कोपरापर्यंत पीठ होतं. मी स्टूल दिलं, तो बसला नाही.

म्हणाला, "मला भांडायचं नाही. फक्त सांगा, काय मोडलं होतं गाडीत? ती तुमच्या गाडीची फार तारीफ करायची. घरी येऊन सांगायची, माझा उंट डोंगर चढतो. मग असं काय मोडलं की ते आदल्या दिवशी कुणाला दिसलं नाही?"

पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. पण तो त्या पिठाच्या हातांनी उभा होता, आणि ते वाक्य घेऊन तो घरी गेला असता, जन्मभर तेच घोळवत बसला असता.

मी म्हटलं, "गाडीत काही मोडलं नव्हतं. गाडी सरळ होती."

मग सगळं सांगितलं. गाठ, डावी बाजू, मी नको म्हटल्यावरही वहिनी शेजारी बसून रस्ता सांगायच्या ते. त्यांना घरी मी बसवलं तेही. दादाला डॉक्टरकडे न्यायचं वहिनींच्या मनात होतं आणि मी मोडता घातला, तेही.

तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या वहिनी असत्या तर गाडी गेली नसती."

"नसती."

"आणि ती मागच्या बाकावर असती."

"हो."

त्याने मान हलवली, आपल्यालाच काहीतरी समजावत असल्यासारखी. "मागे बसायला लागतं म्हणून मी हसायचो तिला," म्हणाला आणि गेला. रस्ता ओलांडताना एका मोटारीने जोरात हॉर्न दिला, तरी त्याने वर पाहिलं नाही.

दुपारी साहेबालाही तेच सांगितलं. तुटलेला दांडा दाखवला. त्याने दोनदा विचारलं, "विचार करून बोलताय ना?"

खरं बोलायचं म्हणून बोललो, की माझं काम चोख होतं हे जगाला कळावं म्हणून? हा प्रश्न मी टाळणार नाही. 'गाडी सरळ होती' हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा, त्या माणसासमोर, क्षणभर मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला विसरता येत नाही.

६ फेब्रुवारी

वहिनींना कळलं. एकच वाक्य बोलल्या, "तुम्हाला तुमची गाडी प्यारी." माझं ताट आता झाकून ठेवलेलं असतं, वाढायला कुणी नसतं.

१९ फेब्रुवारी

आरोग्य केंद्राला वर जायला गाडी मिळालेली नाही. काल वस्तीवरच्या लोकांनी एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून खांद्यांवरून खाली आणलं. तो वाटेतच गेला. आणणाऱ्यांपैकी एकजण गॅरेजच्या नळावर पाणी प्यायला थांबला. दुसरी गाडी कधी उभी करताय, म्हणाला. त्याने सहज विचारलं होतं. मी म्हटलं, बघू.

साहेबाचा कागद आला. चालकाच्या आजारामुळे अपघात, असं लिहिलंय. परवान्याशिवाय बदल केले म्हणून गॅरेजला सहा महिने टाळं. रस्त्यात लोक माझ्याशी बोलतात, दादाचं नाव निघालं की गप्प होतात.

२ मार्च

दादा आता पलंगावरून उठत नाही. डावा हात स्वतःचा वाटत नाही त्याला. परवा म्हणाला, "हा कुणाचा हात टाकून गेलेत इथे? न्यायला सांगा." वहिनींनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

मी जाऊन बसतो. नेहमी उजवीकडे.

९ मार्च

आज त्याला बरं वाटत होतं. उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. मला ओळखलं, नर्सबाईही आठवल्या. विचारलं, "ती बाई गेली ना रे?"

"हो."

त्याने पांघरुणातून उजवा हात काढला. मग माझं मनगट धरलं. पकड अजून ट्रकवाल्याचीच आहे.

"छोट्या, खरं सांग. ओढत होती ना गाडी? का मीच घातली?"

इतके दिवस त्याने हे असं कधी विचारलं नव्हतं. विचारायचा नाहीच, सांगायचा. आज त्याच्या डोळ्यांत भीती होती. लहानपणी घरातली कुठलीही चूक तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा, पण भ्यायलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "ओढत होती, दादा."

"मग तुला सापडलं का नाही?"

"नाही सापडलं. माझंच चुकलं."

त्याने सुस्कारा सोडला. सगळं अंग सैल झालं. थोड्या वेळाने म्हणाला, "सापडत नाही असं तू सांगितलं असतंस तर मी त्या बाईला गाडीत बसवलंच नसतं. एकटा गेलो असतो."

"माहीत आहे मला."

"असू दे," तो म्हणाला. "माणूस आहेस. चुकतो माणूस. मनाला लावून घेऊ नकोस." आणि माझं मनगट थोपटत थोपटतच झोपी गेला.

मान वर केली तर वहिनी दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. आत येऊन त्यांनी दादाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चला भाऊजी. जेवून घ्या, वाढते."